मऊ रावस

झापो बंदर
२० एप्रिल १९८६

होई-यिन, माझ्या शहाण्या नाती,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या भावाच्या बायकोनं, लाई-फोंगनं, मोठ्यानं वाचलं आणि मी कोळंबी सोलत ऐकलं. मग पुन्हा वाचायला लावलं, कारण मला वाटलं ही पोरगी मनचं घालतेय. ग्वांगचौच्या एवढ्या मोठ्या संशोधन केंद्रात तुला घेतलं, आणि काम काय, तर म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरायचं की तुमच्या पोराचं दूध तोडलं तेव्हा त्याला काय भरवलं! यासाठी एवढं शिकावं लागतं होय? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी हे मला कुणीही विचारावं.

लाई-फोंग म्हणतेय, आ-मा, जरा हळू बोला. मी म्हणते, तू हात चालव. हेही लिहितेय बघ, मेली.

तुम्ही लोक नाकामागच्या गाठीचा शोध लावताय म्हणे. तुझ्या बापाला झाली होती तीच. कुणाच्या घराण्यात काय, कुणाच्या चुलीला धूर किती, कुणाच्या वाडग्यात काय, सगळं विचारताय. आणि एका आजारी माणसामागे त्याच गल्लीतला, त्याच वयाचा एक धडधाकट माणूस गाठून त्यालाही तेच विचारताय. हे मात्र मला आवडलं. धडधाकट माणसाला आजवर कुणी हटकलं नव्हतं, की बाबा, तू का रे नाही पडलास आजारी?

तुझा बाप गेला तेव्हा कुणी म्हणालं वारा लागला, कुणी म्हणालं घराण्याला नजर लागली. मी त्यावर बोलत नाही. थडगी साफ करायच्या सणाला टेकडीवर जाऊन त्याच्यावरचं गवत उपटून आले, एवढंच सांगते.

आता तुझा प्रश्न. तुला काय भरवलं? तुझी आई जाळं ओढायला बापाबरोबर पुढे. तू होडीच्या मागल्या अंगाला, पाठीवर भोपळा बांधलेला, कमरेला दोरी, म्हणजे पाण्यात पडलीस तर तरंगशील आणि ओढून घेता येईल. आणि तुझ्या समोर मी. दात यायला लागले की पेज सुरू. पण नुसत्या पेजेनं पोरात जीव धरत नाही. त्यात मऊ रावस हवा. कडक खारवलेला मोठ्यांसाठी. पोरांच्या रावसाला लगेच मीठ लावायचं नाही. तो पडू द्यायचा, मांस सैल झालं, वास फिरला की मग मिठात घालायचा, आणि मग डोक्याला कागद गुंडाळून उलटा टांगायचा. भातावर वाफवला की लोण्यासारखा होतो. तो मी तोंडात घ्यायची, काटे जिभेनं हुडकून थुंकायची, आणि उरलेला गोळा तुझ्या तोंडात. तू माझं बोटसुद्धा सोडायची नाहीस.

तुझा भाचा शुई-सांग बाळसं धरतोय. शरदातल्या चंद्राच्या सणाला त्याचा पहिला घास करायचा. त्याच्यासाठी रावस कुठला घ्यायचा ते तुझ्या भावाला, क्वाईला, आत्ताच सांगून ठेवलंय. आपल्या घरात पहिला घास माझ्या हातचा असतो, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या नवऱ्याला, मान-किनला, आशीर्वाद. अजून तसाच काडीसारखा आहे का?

तुझी आ-मा


ग्वांगचौ
११ मे १९८६

प्रिय आ-मा,

तुझं उत्तर मी केंद्रात वाचून दाखवलं तर सगळे हसले. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, इतकं नीट उत्तर आम्हाला एकाही घरातून मिळालेलं नाही.

काम चाललंय. शहरातल्या पोरींना होडीवरच्या बायका दारातूनच परत पाठवतात. माझी बोली ऐकली की आत घेतात आणि आधी विचारतात, कुणाची गं तू? मग तुझं नाव सांगितलं की चहा येतो. तू इतकी प्रसिद्ध आहेस हे मला माहीत नव्हतं.

एक सांगायचं आहे. शुई-सांगला मऊ रावस देऊ नकोस. लहान मुलांना इतकं मीठ चांगलं नाही, असं आता डॉक्टर म्हणतात. पेजेत अंड्याचा बलक घाल, भोपळा घाल, ताजा मासा घाल. लाई-फोंगलाही सांग.

मी बरी आहे. थकवा आहे थोडा. डावा कान सारखा बंद होतो, पाण्यात बुडी मारल्यासारखा. सकाळी घसा खाकरत बसावं लागतं. आणि गंमत म्हणजे माशाचा वास नको झालाय. मला! मान-किन म्हणतो, तू खरी होडीवरची नाहीसच, तुला बदलून आणलंय.

तुझी होई-यिन


झापो बंदर
१५ जून १९८६

अगं ए अंड्याच्या बलका,

मला शिकवतेस? तुझा बाप, तुझ्या दोन आत्या, तू, क्वाई, शिवाय शेजारच्या होड्यांतली, ज्यांच्या आयांना वेळ नव्हता ती सगळी, या तोंडानं भरवलीत. मीठ चांगलं नाही म्हणे! आपण मिठाच्या पाण्यावर जन्मलो, मिठाच्या पाण्यावर वाढलो. त्या डॉक्टरांना म्हणावं, आधी एकदा वादळात दोर धरून दाखवा, मग मिठाबद्दल बोला.

पण मी रागावले नाही. का, ते सांगते. तुझं पत्र ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थकवा येतो. सकाळी बेसिनपाशी खाकरत बसते. माशाचा वास नको होतो. आणि सारखी विचारते, आ-मा, दूध तोडल्यावर काय देतात? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या काडीकडून मी आशा सोडली होती! अगं, सरळ सांगायचं की. आजीशी कसले आडपडदे?

लाई-फोंग म्हणते, कान बंद होणं त्यात येत नाही. मी म्हटलं, कान नवऱ्याच्या बडबडीनं बंद झालाय.

होड्यांच्या शर्यतींचा सण झाला. आपल्या गल्लीची होडी हरली, वल्हं मारणारे सगळे आता सिगारेटी ओढतात. बसच्या ड्रायव्हरबरोबर तुला एक मऊ रावस पाठवतेय, तेलकागदात बांधून. आत्ता नको वाटेल, पुढे मागून मागून खाशील. आणि पोटातलं पोर तुझ्या तोंडून आधीच चव शिकेल.

आ-मा


ग्वांगचौ
२० जुलै १९८६

प्रिय आ-मा,

रावस पोचला. ड्रायव्हरनं तो मांडीवर धरून आणला म्हणे, इतर प्रवाशांनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं.

आ-मा, मला दिवस गेलेले नाहीत. हे आधी सांगते, कारण तू बंदरभर सांगत सुटली असशील.

मे महिन्याच्या शेवटी केंद्रात रक्त काढायच्या नव्या सुया आल्या. हात बसावा म्हणून आम्ही सगळ्यांनी आधी एकमेकांचं रक्त काढलं. आजारी लोकांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागतंच, म्हणून आमच्या बाटल्यांवर 'निरोगी' अशी चिठ्ठी लावली. बाकी सगळ्यांच्या बाटल्या चिठ्ठीप्रमाणे निघाल्या. माझी निघाली नाही. आधी वाटलं, अदलाबदल झाली. पुन्हा काढलं. मग बाईंनी माझ्या मानेला हात लावून पाहिला, आणि तिथे गाठ होती. किती दिवस होती कोण जाणे. मी रोज दुसऱ्यांच्या माना बघत होते.

बाबांना होती तीच आहे. किरणांचा शेक सुरू होतोय.

आता नीट ऐक. हा आजार कुठल्या एका गोष्टीनं होत नाही. एक घराण्यातून येतं, रक्तातून. दुसरा एक बारीक विषाणू असतो, तो जवळजवळ सगळ्यांना लहानपणीच होतो आणि बहुतेकांना काही करत नाही. तिसरा, असा आमचा दाट संशय आहे, खारवलेला मासा, तोही अगदी लहानपणी खाल्लेला. तिन्ही एकत्र आले तरी दहाजणांत नऊजण धडधाकट राहतात. क्वाईचंच बघ. म्हणून कुणाकडे बोट दाखवायचं नसतं. मी तुला आधी मिठाचं कारण सांगितलं, ते खोटं होतं. कशाचा संशय आहे हे आम्ही घरच्यांना सांगायचं नसतं, सांगितलं की आया घाबरतात आणि उत्तरं बदलतात. पण मी त्या नियमामागे लपले, हेही खरं.

शुई-सांग बाबांचा नातू आहे. रक्त तेच. ते बदलता येत नाही. विषाणू कुणाला चुकत नाही. आपल्या हातात राहिला फक्त मासा. सणाला त्याला तो घास देऊ नकोस, आ-मा. एवढं माझं ऐक.

तुझीच
होई-यिन


झापो बंदर
१० ऑगस्ट १९८६

माझ्या पोटुशा पोरी,

पत्र मिळालं. रावस आवडला, तू बरी आहेस आणि बातमी एवढ्यात कुणाला सांगू नको, एवढंच लिहिलंस. एवढं मोठं पाकीट आणि मजकूर एवढासा? शहरात कागद फार झालाय वाटतं. आणि कुणाला सांगू नको म्हणे! जाळी विणणाऱ्या बायकांना मी जूनमध्येच सांगून बसले. आता त्यांच्याकडून परत कसं घेऊ?

बाळंतिणीच्या शिरक्याचा हंडा काढलाय. आलं आणलं, जून, धाग्याधाग्याचं. ते ठेचून गोड काळ्या शिरक्यात घालून ठेवलंय, अधूनमधून उकळी देते. हे जितकं मुरेल तितकं चांगलं. पोर झालं की त्यात डुकराचे पाय आणि अंडी पडतील. गल्लीभर वास सुटलाय. येणारा जाणारा विचारतो, कुणाकडे? मी म्हणते, अजून कुणाकडेच नाही, तुम्ही आपलं नाक आवरा.

लाई-फोंग आज फार चुका करतेय. तीनदा खोडलंन्. डोळे आले असतील, लाल आहेत.

शुई-सांगला खालचे दोन दात आलेत. चंद्राच्या सणाचा रावस मिठातून काढून काल टांगला. असा मासा गेल्या कित्येक वर्षांत हाती लागला नव्हता.

आ-मा

(ताई, खालचं मी माझं लिहितेय. त्या मासे खारवायच्या पिंपांकडे गेल्यात.

तुमचं पत्र मी वाचलं नाही. म्हणजे मनात वाचलं, तोंडानं नाही. त्या समोर बसून आलं ठेचत होत्या, गात होत्या. 'रावस पोचला' एवढं वाचलं, आणि पुढे माझ्या तोंडातून भलतंच निघत गेलं. मी जमिनीवरची, कापडाच्या दुकानातली मुलगी. या घरात आले तेव्हा मला होडीवर नीट उभंही राहता येत नव्हतं, सगळे हसायचे, त्यांनी मात्र हाताला धरून चालायला शिकवलं. त्यांना मी हे कसं वाचून दाखवू? तुम्ही एकदा या आणि तोंडानं सांगा. मी शुई-सांगची आई आहे, पण कारण सांगितल्याशिवाय त्यांचा घास मी अडवू शकत नाही, आणि कारण मला सांगता येत नाही. सण जवळ आलाय. मला झोप नाही. लाई-फोंग)


ग्वांगचौ
१९ ऑगस्ट १९८६

लाई-फोंग,

तुझ्यावर रागावले नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. मी तर लिहूनसुद्धा आधी खोटंच लिहिलं होतं.

मला येता येत नाही. रोज शेक असतो, मधे खंड पाडायचा नाही. गळ्याची कातडी काळी पडलीय, गिळता येत नाही. असं दिसणं तिला दाखवण्यापेक्षा कागद बरा.

जुलैचं पत्र तुझ्याकडे आहे. ते तिला वाचून दाखव. आहे तसं. सकाळी वाच, तिचं पिंपांचं काम उरकलं की. ती मधेच उठली तर थांब, परत येईल. तू रडलीस तर ती तुला गप्प करेल, आणि ते बरंच, तिला काहीतरी करायला हवं असतं. फक्त एक कर. शुई-सांगला तेव्हा मांडीवर घेऊन बस, म्हणजे मी कुणासाठी लिहिलंय ते तिला दिसेल.

तू त्याची आई आहेस. तिचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसायचं, इतका मोठा मान कुणाचाच नसतो. तिचाही नाही. आणि हे तिला सांगितलंस तर तीच आधी हो म्हणेल.

होई-यिन


झापो बंदर
२ सप्टेंबर १९८६

होई-यिन,

वाचलं.

लाई-फोंगला मी काही बोलले नाही. ती समजते मी तिच्यावर चिडलेय. चिडले नाही. मला तोंडच उघडता येत नव्हतं. आज उघडतंय, म्हणून लिही म्हटलं.

आधी सांगते, शुई-सांगला घास मिळणार नाही. सणाच्या दिवशी त्याला पेज आणि तुझा तो बलक. टांगलेला रावस काढला. शेजारणीनं मागितला, तिलाही दिला नाही, तिच्याकडेही रांगतं पोर आहे. ती म्हणाली, म्हातारपणी चिक्कू झालीस. मी म्हटलं, झाले. पिंप उपडं करून धुतलं. शिरका गल्लीत सगळ्यांना वाटून टाकला. कुणी विचारलं नाही. बायकांना कळतं कधी विचारायचं नसतं ते. क्वाईला उद्या रक्त द्यायला पाठवतेय. येत नव्हता, सुईला भितो घोडा. त्याला म्हटलं, तुझी बहीण तिकडे भाजून घेतेय आणि तू टोचून घेत नाहीस?

आता तुझ्या पत्राबद्दल. तीन गोष्टी लिहिल्यास. तिघांनी मिळून केलं, म्हणून कुणाकडे बोट दाखवायचं नाही. गोड लिहिलंस. लहानपणी मडकं फोडलंस की अशीच बोलायचीस, वारा होता, मांजर होतं, मडकंच तडकलेलं होतं. पण मी बसून विचार केला. रक्त तुझ्या बापाकडून आलं, त्याला माझ्याकडून. मासा माझ्या हातचा. राहिला तो विषाणू. तो कसा येतो ते तू लिहिलंच नाहीस. एवढं सगळं लिहिलंस आणि नेमकं ते नाही. तेव्हा मी बंदरावरच्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, थुंकीतून.

म्हणजे तिन्ही माझ्याकडूनच. दोन तर याच तोंडातून.

मी माफी मागणार नाही, होई-यिन. तू वाट बघू नकोस. माफी त्यानं मागावी ज्यानं कमी दिलं, शिळं दिलं, स्वतः खाऊन उरलेलं दिलं. मी तुला घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं, काटा शोधून दिलं. हे कुणा डॉक्टरला चुकीचं ठरवायचं असेल तर ठरवू दे, पण मी ते वाईट होतं असं म्हणणार नाही. म्हटलं तर तू आणि मी होडीच्या मागल्या अंगाला बसून काय करत होतो? तेवढं तरी आपलं राहू दे.

पण मी जेवत नाही असं लाई-फोंग लिहील, म्हणून आधीच सांगते. जेवते. जरा कमी जेवते. घास तोंडात घेतला की जीभ आपोआप काटा शोधायला लागते, मग गिळवत नाही.

थंडी पडली की मी येणार. नाही म्हणू नकोस. काळी झालीस तर झालीस, मीही काही गोरी नाही.

आ-मा


ग्वांगचौ
२६ ऑक्टोबर १९८६

प्रिय आ-मा,

अक्षर मान-किनचं आहे. मी सांगतेय, तो लिहितोय. आता मीही तुझ्यासारखीच. सांगताना कळतं की तुला किती कठीण जात असेल, हा मधेच थांबून म्हणतो, असं वाक्य होत नाही. मी म्हणते, तू हात चालव.

क्वाईचं रक्त चांगलं आलं, हे बाईंनी मला सगळ्यांच्या आधी येऊन सांगितलं. मी हसले तर ओठ फुटले. शेकानं तोंडातली लाळच गेलीय. पाणी घेऊन बोलावं लागतं.

तू माफी मागणार नाहीस हे ऐकून मला फार बरं वाटलं. मला तीच भीती होती, की तू मागशील.

आणखी एक. मी आता त्यांच्या यादीत आलेय, आजाऱ्यांच्या. आई वादळात गेली, तेव्हा माझ्या लहानपणाची उत्तरं तुझ्याकडूनच घ्यावी लागतील. कुणीतरी येईल तुझ्याकडे. मी बाईंना म्हटलं, तिला सगळं ठाऊक आहे, नियमात बसत नाही, सोडून द्या. त्या म्हणाल्या, तेही नोंदवून ठेवू, पण विचारायला हवं. तुला नको वाटलं तर नाही म्हण. कुणी काही म्हणणार नाही.

माझ्या जोडीला धडधाकट म्हणून आपल्या शेजारच्या होडीतली आ-तै निवडलीय. माझ्याच वर्षीची. तिची तब्येत कशी आहे? तिला म्हणावं, नीट राहा, माझ्या नावाला जोडलीय तुला.

ये. गरम कपडे घालून ये.

होई-यिन


झापो बंदर
५ एप्रिल १९८७

होई-यिन,

हे पत्र टपालात पडणार नाही. आज थडग्यांचा सण. टेकडीवर कागदाचे पैसे, कागदाचे कपडे जाळतात, त्यातच हे जाळणार. लाई-फोंग म्हणाली, आ-मा, जाळायचंच आहे तर लिहायचं कशाला, नुसतं बोला. मी म्हटलं, वाचणारी ती आहे, बिनअक्षरी मी आहे. ती शिकलेली बाई, तिला कागद लागतो.

मी आले होते तेव्हा तुला किती कळत होतं, ठाऊक नाही. तुझ्या खाटेखाली जमिनीवर निजायची. ती जमीन हलत नाही, त्यामुळे झोप लागायची नाही. मग तुझ्या खाटेचा पाय हातात धरून मीच जरा हलवायची. तू एकदा म्हणालीस, वारा पडला का गं? मी म्हटलं, पडला. शेवटी खरंच पडला.

मान-किन दर महिन्याला येतो. काडी अजून बारीक झालीय. भरवते त्याला.

शुई-सांग चालायला लागलाय. बलक थुंकतो, भोपळा थुंकतो, ताजा मासा तेवढा खातो. मी त्याला भरवत नाही, लाई-फोंग भरवते, चमच्यानं. मी समोर बसते. मग तो उठून माझ्या मांडीवर येतो आणि माझं तोंड बोटांनी उघडून बघतो, आत काय आहे म्हणून. मी म्हणते, काही नाही रे बाबा. रिकामं आहे.

आ-तै धडधाकट आहे. मला बघितलं की गल्ली बदलते. एक दिवस मी तिला गाठलं आणि म्हटलं, तुलाही मीच भरवलाय तो मासा, तुझी आई तापानं पडली होती तेव्हा. तू जगलीस याचं मला वाईट वाटतं असं समजू नकोस. ती रडायला लागली. मीही उभ्या उभ्या रडून घेतलं. मग तिनं मला कोबी दिला.

आता सांगते, ज्यासाठी पत्र लिहितेय. केंद्रातून पोरगी आली होती, गेल्या आठवड्यात. शहरातली, पायात पांढरे बूट, आपल्या होडीच्या फळीवरून चालताना दोन्ही हात पसरून. मी म्हटलं, बाई, पडलीस तर ओढून घेऊ, पण बूट जातील. ती हसली नाही. तुझ्याच टेबलावर बसते म्हणाली. चुलीचं विचारलं, धुराचं विचारलं, घरात कुणाकुणाला गाठ झाली ते विचारलं. मी तुझ्या बापाचं नाव सांगितलं. तुझं सांगायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, ते मला माहीत आहे, आजी.

मग पाणी प्याली. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. कागदाकडे बघून म्हणाली, "दूध तोडल्यावर होई-यिनला खारवलेला मासा देत होता का? कधीच नाही, महिन्यातून एखादवेळा, आठवड्यातून एखादवेळा, की रोज?"

लाई-फोंग माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "आ-मा, एखादवेळा म्हणा ना. आता काय फरक पडतो?"

पोरीनंही मान खाली घातली. मी काहीही म्हटलं असतं तरी तिनं लिहून घेतलं असतं. तुला सांगते, एक क्षण माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग वाटलं, तू दारोदार फिरलीस ते याच एका उत्तरासाठी. दुसऱ्या आजींनी तुला खरं सांगितलं असेल की घाबरून खोटं, ते तुला कधी कळलं नाही. निदान माझ्या घरचं तरी खरं असू दे.

मी म्हटलं, "लिही, पोरी. रोज. आणि पोटाकडचा तुकडा, सगळ्यात मऊ."

ती म्हणाली, "आजी, कुठला तुकडा ते विचारलेलं नाही. त्याला जागा नाही."

मला वाचता येत नाही, पण कागद कोरा कुठे आहे ते दिसतं. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही काय जागा. इथे लिही."

तिनं लिहिलं. खरंच लिहिलं का, ते मी लाई-फोंगकडून वाचून घेतलं.

आ-मा